वापरात

दर दोन महिन्यांनी भिंत बदलते.
म्हणजे भिंत तीच, विद्यापीठाच्या ग्रंथालयाची,
तळमजल्यावर, झेरॉक्सच्या काउंटरसमोर;
खिळे बदलतात.
माझ्याकडे पुट्टीचा डबा, एक सपाट पाते
आणि खालच्या खणात उरलेल्या चिठ्ठ्या:
‘कोमुनिदादीचा जमाखर्च, बारदेस’,
‘घंटा, पितळ, देणगी’,
‘कुटुंब, डावीकडून दुसरी अज्ञात’.
अज्ञात फार जमतात. त्या मी फेकत नाही.

जमिनींचे नकाशे होते तेव्हा
एक वकील तीन दिवस रोज यायचा,
भिंगातून एकाच कोपऱ्याकडे बघायचा
आणि नमस्कार न करता जायचा.
मग मुलांची लिनोकट. ती गेली,
शाईचा वास परीक्षा संपेपर्यंत राहिला.

मग खाजने आली.
ताळगावच्या या कोरड्या पठारावर
खाजन म्हणजे काय ते पहिल्याच फलकावर सांगावे लागले:
खारे पाणी बाहेर, भात आत, मध्ये मातीचा बांध,
बांधाला मानस, मानशीला दार,
दार भरतीला आपसूक मिटते.
मजकूर माझा. फिलोमेना मॅडमनी ‘आपसूक’ खोडले.
मी परत लिहिले.

दिवाडीचा रुझार कुलासो पागेर घेऊन आला,
फेरीबोटीतून, मग दोन बसमधून, खताच्या पिशवीत.
उसनवारीच्या फॉर्मच्या तिन्ही प्रती त्याने वाचल्या.
मूल्याच्या रकान्यात लिहिले: एका भरतीची मासळी.
विमावाल्यांना हे कसे कळवायचे
यावर ऑफिसात दोन दिवस गेले.

पागेर काचेआड मांडला, घेर पसरून,
शिशाच्या गोळ्या एकेक सरळ करून.
शेजारी मिठागरातली फळी, विळा, भाताचे माप,
प्रत्येकाखाली त्याचा त्याचा काळ:
‘अंदाजे १९४०’, ‘शतकाची सुरुवात’.
पागेराखाली मॅडमनी सांगितले,
‘पारंपरिक’ लिही, भागेल.

अकराव्या दिवशी सकाळी रुझार दारात.
चपलांना गाळ.
“परवां पुनव. म्हजो पागेर जाय.”
मी कलम चार दाखवले: प्रदर्शन संपेपर्यंत.
त्याने ते सावकाश वाचले, बोट ठेवून,
मग तेच बोट खिडकीकडे नेले.
तिथून जुवारी दिसते.
तिची सही कुठेय, असे काहीसे
त्याच्या तोंडावर होते, पण तो बोलला नाही.

मॅडम रजेवर. काचेची किल्ली माझ्याकडेच असते.

त्याने पागेर एकदा झटकला,
वाचनकक्षातली चार डोकी वर झाली.
एक गोळी सुटून वर्तमानपत्रांच्या रॅकखाली गेली.
गुडघे टेकून त्याने ती शोधली,
दोरीवर बसवली, दातांनी दाबली,
आणि पिशवी खांद्याला लावून गेला.

फॉर्मवर ‘मुदतीपूर्वी परत, कारण’ असा रकाना आहे.
मी लिहिले: पौर्णिमा.

काच रिकामी. चिठ्ठी नवी केली:
‘पागेर. सूत, शिसे. दिवाडी.
वापरात.’

मडकईच्या शाळेची मुले आली,
सगळ्यांत जास्त वेळ त्या रिकाम्या काचेपाशी.
“चोरीला गेलं?” एकीने विचारले.
नाही म्हटले.
“मग बघायचं काय?”
याचे उत्तर मला त्या दिवशी सुचले नाही,
आजही नीटसे सुचलेले नाही.
तिची बाई म्हणाली, चला, रांग करा.

मॅडम आल्या, चिठ्ठी वाचली,
चष्मा काढून पुन्हा वाचली,
म्हणाल्या, ऑडिटला तूच उत्तर दे.

उद्या भिंत पांढरी.
तियात्रांची जुनी पोस्टरे येतायत टेम्पोतून,
बावीस, म्हणजे चव्वेचाळीस खिळे.
पुट्टी घट्ट झालीय, पाणी घालावे लागेल.
फळी गेली, विळा गेला, माप गेले.
मघाशी काच आतून पुसली,
तर फडक्याला
बारीक, पांढरे मीठ आले.